पगारी मॅटर्निटी लीव्ह, देशोदेशीची: आठवडे नंतर मोजा, आधी पैसे कोण देतंय ते बघा

पगारी मॅटर्निटी लीव्हकडे मी एक सर्व्हिस म्हणूनच बघते आणि म्हणून हा रिव्ह्यू. तिचे पैसे कुठे आपल्या पगारातून दर महिन्याला कापले जातात, कुठे मालक भरतो, कुठे सरकार करातून देतं, म्हणजे फुकट काहीच नाहीये, मग ती वेळेवर मिळते का, अर्धवट मिळते का, कुणाला मिळतच नाही, हे लिहायला नको का? माझं काम पेरोलचं, चार देशांत विखुरलेल्या स्टाफचं, त्यामुळे हे नियम सतत वाचावे लागतात आणि ओळखीतल्या बायकाही विचारत असतात. पहिला प्रश्न कायम एकच असतो, "तिकडे किती आठवडे गं?"

आता बघा, भारतात २६ आठवडे आणि ऑस्ट्रेलियात जुलै २०२६ पासून २६ आठवडे. आकडा सेम टू सेम. पण भारतात पूर्ण पगार मिळतो आणि तो मालक देतो, ऑस्ट्रेलियात सरकार देतं आणि तेसुद्धा देशाच्या किमान वेतनाच्या दराने, तुमचा पगार त्याच्या तिप्पट असला तरी हातात किमान वेतनच. एकीकडे रक्कम मोठी पण मालकाच्या मर्जीवर लटकलेली, दुसरीकडे रक्कम छोटी पण मालक बुडाला तरी सरकारकडून येणारी. यातलं चांगलं कुठलं? आठवड्यांवरून तर काहीच कळत नाही.

म्हणून मी प्रत्येक देशाचे नियम वाचताना चार गोष्टी बघते. पैसे कुणाच्या खिशातून येतात, पगाराच्या किती टक्के आणि वर मर्यादा कितीची, हक्क लागायला आधी किती काम केलेलं असावं लागतं, आणि कोणत्या बायका या जाळ्यातून सरळ खाली पडतात. यातली पहिली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, बाकीच्या तिन्ही तिच्यामागून येतात.

हे माझं एकटीचं म्हणणं नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ साली, म्हणजे स्थापना झाली त्याच वर्षी, बाळंतपणाच्या १२ आठवड्यांच्या रजेचा करार केला होता, आणि २००० सालचा १८३ नंबरचा करार म्हणतो की कमीत कमी १४ आठवडे द्या आणि पैसे आधीच्या कमाईच्या दोन तृतीयांशाखाली जाऊ देऊ नका. पण त्यातच पुढे एक कलम आहे ज्याची चर्चाच होत नाही, की हा खर्च साधारणपणे एकट्या मालकाच्या डोक्यावर नको, सामाजिक विम्यातून किंवा सरकारी पैशातून यावा. भारताने हा करार मंजूर केलेला नाही, आणि भारतातली मुख्य अडचण नेमकी याच कलमात आहे.

तर भारतापासूनच सुरू करते. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा, २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि १२ चे २६ आठवडे झाले. नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय पण मूळ हक्क तेच. बाळंतपणाच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम केलेलं असलं की हक्क लागला, ही अट जगाच्या मानाने खरंच सोपी आहे, ब्रिटनची अट पुढे वाचा म्हणजे कळेल. २६ पैकी ८ आठवडे तारखेआधी घेता येतात. पगार पूर्ण, मर्यादा नाही. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा. ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिकडे जायची मुभा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ दत्तक घेतलं तर १२ आठवडे, सरोगसीतून आई झालेल्या बाईलाही १२. गर्भपात झाला तर ६ आठवडे. कागदावर वाचलं की वाटतं अरे वा, आणि खरंच अरे वा आहेच, ज्यांना मिळतं त्यांच्यासाठी.

पण सगळा पगार मालकाने एकट्याने द्यायचा. सहा महिने तिचा पगार आणि तिच्या जागी जो माणूस घेतला त्याचाही पगार. मोठ्या कंपनीला हे पेलतं, पंधरावीस माणसांच्या ऑफिसला जड जातं, आणि मग ते ऑफिस काय करतं ते आपल्या सगळ्यांना माहितीये. इंटरव्ह्यूमध्ये लग्न कधी झालं, प्लॅनिंग काय, सासरी कोण असतं, असले प्रश्न. ओळखीतल्या एकीला तर पोट दिसायला लागल्यावर अचानक परफॉर्मन्स खराब असल्याचं पत्र आलं, त्याआधीची सगळी अप्रेझल्स चांगली असताना. मला अशा मालकांचा राग येतो आणि तो राहणारच, पण कायदा ज्या पद्धतीने बांधलाय त्यातच हे बीज आहे हेही मान्य करायला पाहिजे, कारण बाई कामावर ठेवणं हे एकेका मालकासाठी महाग करून ठेवलंय आणि पुरुष ठेवणं स्वस्त. २०१८ मध्ये श्रम मंत्रालयाने प्रस्ताव मांडला होता की १५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांच्या २६ पैकी ७ आठवड्यांचा पगार सरकार मालकाला परत देईल. ही दिशा योग्य होती. ती नीट, सगळ्यांसाठी, आणि जास्त आठवड्यांची करून अमलात आणायला पाहिजे होती.

गंमत अशी की भारतातच दुसरी एक सिस्टीम आहे जी जास्त शहाणपणाने बांधलेली आहे आणि तिचं कौतुक कुणी करत नाही. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना लागू. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के, पुरुष असो की बाई, कापलं जातंच, आणि बाळंतपण आलं की २६ आठवड्यांचे पैसे महामंडळाकडून येतात, सरासरी रोजंदारीच्या पूर्ण दराने, आजारपण वाढलं तर आणखी एक महिना. अट एवढीच की आधीच्या दोन योगदान कालावधींत (म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांत) मिळून ७० दिवसांचं योगदान भरलेलं असावं. यात मालकाला बाईचं बाळंतपण वेगळं महाग पडत नाही. म्हणजे फॅक्टरीतल्या १८,००० पगाराच्या बाईसाठी जी व्यवस्था आहे ती ऑफिसातल्या ६०,००० वालीच्या व्यवस्थेपेक्षा पायाने मजबूत आहे. बांधणीला मी पाचपैकी चार देते. प्रत्यक्ष खिडकीवरचा अनुभव जागेजागी वेगळा ऐकायला मिळतो, कुठे पटकन काम होतं तर कुठे मालकाने योगदानच भरलेलं नसतं आणि ते बाईला बाळंतपणाच्या वेळी कळतं. म्हणून ईएसआयच्या पोर्टलवर आपलं योगदान दिसतंय का हे दर काही महिन्यांनी बघत जा, गरोदरपणाची वाट बघू नका.

आणि या दोन्हीच्या बाहेर ज्या आहेत, म्हणजे शेतमजुरी, घरकाम, घरी बसून शिलाई, छोट्या दुकानातल्या, त्या तर भारतात बहुसंख्य आहेत. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना, पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. मदत म्हणून ठीक, पण याला पगारी रजा म्हणता येत नाही, सहा महिन्यांची मजुरी यातून भरून निघत नाही हे सांगायला पेरोल कळायची गरज नाही. तामिळनाडूची मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना गरीब बायकांना एकूण १८,००० पर्यंत देते, म्हणजे एकाच देशात फक्त राज्य बदललं की रक्कम तिप्पट.

सरकारी नोकरीत हा फरक अजून दिसतो. केंद्र सरकारच्या नोकरीत १८० दिवस, वर मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवसांची वेगळी रजा. तामिळनाडू सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना २०२१ पासून १२ महिने केलेत, सिक्कीमनेही वर्षभर देऊ केलं. त्याच तामिळनाडूत खाजगी शाळेतल्या शिक्षिकेला मात्र २६ आठवडेच. शेजारीशेजारी दोन शाळा, तोच फळा, तोच विषय.

कोर्टांनी मात्र या कायद्याला वेळोवेळी मोठं केलंय हे नोंदवायलाच पाहिजे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांना हा हक्क आहे असं सांगितलं. २०२३ मध्ये सांगितलं की कॉन्ट्रॅक्टची मुदत मध्येच संपली तरी लाभ पुढे चालू राहतो. कॉन्ट्रॅक्टवर असलेल्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवा, कारण एचआरमधल्या अर्ध्या लोकांनाही हे माहीत नसतं.

एका गोष्टीवरून मात्र भारताला मी मार्क कापते. आधीची दोन मुलं असतील तर तिसऱ्या वेळी २६ ऐवजी १२ आठवडे. शरीर तिसऱ्या बाळंतपणात लवकर बरं होतं असं कुठे आहे? फ्रान्समध्ये याच्या बरोब्बर उलटं आहे, पहिल्या दोन मुलांना १६ आठवडे आणि तिसऱ्याला २६, जुळं असेल तर ३४, तिळं असेल तर ४६. दोन्ही देशांनी लोकसंख्या डोळ्यापुढे ठेवून नियम केले, एकाला वाढवायची होती आणि एकाला कमी करायची होती. पण भारतात तो दंड येतो बाईवर, आणि घरात मुलगा हवा म्हणून तिसऱ्यांदा बाळंतपणाला लावली गेलेली बाईच बऱ्याचदा तो भोगते.

आता अमेरिका. इथल्या नोकरीचं स्वप्न बघणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा. पूर्ण देशाला लागू असलेला कायदा १९९३ चा, १२ आठवडे, आणि ते बिनपगारी. तेसुद्धा कंपनीत ५० माणसं असतील, तुम्ही १२ महिने नोकरी केली असेल आणि त्यात १,२५० तास भरले असतील तर. म्हणजे नोकरी राहते, पैसे शून्य. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२० पासून १२ आठवडे पगारी मिळतात, बाकीच्यांचं नशीब राज्यावर आणि कंपनीवर. कॅलिफोर्नियाने सगळ्यात आधी, २००४ पासून, फंड सुरू केला. तिथे आधी अपंगत्व विम्यातून साधारण बाळंतपणाआधी ४ आठवडे आणि नंतर ६, सिझेरियन असेल तर ८, आणि मग फॅमिली लीव्हचे ८ आठवडे वेगळे, २०२५ पासून दर पगाराच्या ७० ते ९० टक्के, पैसे कामगारांच्याच पगारातून कापलेल्या फंडातून. न्यू जर्सी, र्‍होड आयलंड, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ओरेगॉन, कोलोरॅडो अशी राज्यं एकेक करून मागून आली. टेक्सासमध्ये खाजगी नोकरीला असा सक्तीचा राज्य फंड नाही. म्हणून ऑफर लेटरमध्ये पगाराच्या आकड्याच्या आधी राज्याचं नाव वाचा, टॅक्स वाचतो म्हणून खूश होऊन गेलेलं जोडपं बाळंतपणात हिशोब करत बसलेलं मी बघितलंय. देश म्हणून पाचपैकी एक, कॅलिफोर्नियाला साडेतीन.

एकाच देशात दोन सिस्टीम शेजारी ठेवून बघायच्या असतील तर कॅनडा. देशभर एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, मातृत्वाचे १५ आठवडे कमाईच्या ५५ टक्क्यांनी, आणि अट ६०० विमाधारक तासांची. नंतरची पालक रजा आई-बाबांनी वाटून घ्यायची, छोटी घेतली तर ५५ टक्के, लांबवली तर ३३ टक्के. क्युबेक प्रांताने २००६ पासून आपलं वेगळं काढलं, तिथे आईला १८ आठवडे ७० टक्क्यांनी किंवा १५ आठवडे ७५ टक्क्यांनी यातलं आपण निवडायचं, आणि तासांची अट नाही, वर्षभरात २,००० डॉलरची कमाई दाखवली की झालं. पार्टटाइम काम करणाऱ्या, स्वतःचा छोटा धंदा असणाऱ्या बायका देशाच्या योजनेत सहज अडकतात, त्या इथे आत येतात, स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही क्युबेकमध्ये आपोआपच धरलेलं आहे. मला क्युबेकची योजना मनापासून आवडते, कारण कुठली बाई खाली पडते हा प्रश्न त्यांनी आधी विचारलेला दिसतो.

ब्रिटनचं नाव खूप मोठं आहे, ५२ आठवडे रजा, लोक हेच सांगत फिरतात. रजा ५२ आहेच आणि पहिल्या दिवसापासून हक्क आहे हे चांगलं. पण पगारी ३९ आठवडेच, त्यातले पहिले ६ आठवडे सरासरी कमाईच्या ९० टक्के, आणि पुढचे ३३ आठवडे सरकारने ठरवलेली साप्ताहिक रक्कम किंवा ९० टक्के, यातलं जे कमी असेल ते. चांगल्या पगाराची बाई सातव्या आठवड्यात धाडकन खाली येते. अट पण कडक, बाळाच्या अपेक्षित आठवड्याच्या १५ आठवडे आधीपर्यंत त्या मालकाकडे सलग २६ आठवडे नोकरी झालेली पाहिजे, म्हणजे गरोदर असताना नोकरी बदलली की संपलं, मग मॅटर्निटी अलाउन्सचा, म्हणजे सरकारी भत्त्याचा, वेगळा अर्ज करायचा. पण एक गोष्ट छान, मालकाने दिलेले पैसे त्याला सरकारकडून ९२ टक्के परत मिळतात आणि लहान मालकाला तर पूर्ण आणि वर थोडे जास्त. छोट्या दुकानदाराला बाई ठेवायची भीती वाटायचं कारणच राहत नाही. तीन स्टार, आणि त्यातला एक या परताव्यासाठी.

पण माझ्या मते पैसे कोण देतंय याचं सगळ्यात नीट उत्तर जर्मनीने दिलंय आणि त्यामागे एक कोर्ट केस आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिथे बाळंतपणाआधी ६ आणि नंतर ८ आठवडे, वेळेआधीचं बाळ किंवा जुळं असेल तर नंतरचे १२. या काळात आरोग्य विमा दिवसाला जास्तीत जास्त १३ युरो देतो आणि निव्वळ पगारापर्यंतची बाकी रक्कम मालकाने भरायची. १३ युरो हा आकडा इतका जुना आणि छोटा आहे की खरा भार मालकावरच यायचा. फक्त छोट्या कंपन्यांना तो एका सामायिक फंडातून परत मिळायचा, मध्यम आणि मोठ्यांना नाही. २००३ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की ही मांडणी घटनेत बसत नाही, कारण बाईला संरक्षण देणाऱ्या नियमामुळेच मालक बाईला नोकरी द्यायला कचरेल, आणि असा भेदभाव होणार नाही अशी व्यवस्था करणं ही कायदा करणाऱ्यांची जबाबदारी आहे. मग २००६ पासून तो फंड सगळ्यांना लागू झाला, लहान, मोठे, आणि ज्यांच्याकडे एकही बाई कामाला नाही असे मालकसुद्धा भरतात. ज्याच्याकडे बाळंतपण येतं त्याला पूर्ण परतावा. मागच्या काही वर्षांत भारतात रजा किती आठवड्यांची यावर इतकं बोललं गेलं, हे एक वाक्य कुणी संसदेत जोरात बोलायला हवं होतं, की ज्याच्याकडे बाई कामाला नाही त्यानेही भरावं. त्यानंतरचं एल्टर्नगेल्ड, म्हणजे सरकारी पालक भत्ता, वेगळं, साधारण ६५ ते ६७ टक्के, महिना ३०० ते १,८०० युरोच्या मध्ये. वरच्या मर्यादेमुळे मोठ्या पगाराच्या बायका तक्रार करतात आणि ती खरी आहे. साडेचार.

स्वीडनबद्दल सगळे बोलतात म्हणून थोडक्यात. एका बाळामागे ४८० दिवस, आई आणि बाबा दोघांचे मिळून, त्यातले ३९० दिवस साधारण ८० टक्के दराने आणि त्यालाही वर मर्यादा, उरलेले ९० दिवस रोज १८० क्रोनर. दोघांच्या नावाने ९०-९० दिवस राखीव, बाबाने घेतले नाहीत तर बुडाले. आणि जुलै २०२४ पासून प्रत्येक पालक ४५ दिवसांपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ शकतो, आजी-आजोबांनासुद्धा, म्हणजे आजीने नातवंड सांभाळलं तर तिला त्याचे पैसे. हे वाचून मी थक्क झाले. जगभर आज्या हे काम करत आल्यात आणि कुठेच त्याची नोंद नाही.

बल्गेरियात ४१० दिवस ९० टक्क्यांनी, यादी लावली की तो देश कायम वर असतो. जपानमध्ये ६ आठवडे आधी, ८ नंतर, आरोग्य विम्यातून दोन तृतीयांश, मग संगोपन रजेत पहिले १८० दिवस ६७ टक्के. स्वित्झर्लंडने १९४५ मध्येच राज्यघटनेत मातृत्व विम्याची तरतूद केली आणि प्रत्यक्ष तो सुरू झाला २००५ मध्ये, साठ वर्षं, आणि तोही १४ आठवडे ८० टक्क्यांनी. जिनिव्हा कँटनमध्ये राहिलात तर १६. चीनमध्ये देशाचे ९८ दिवस, पण स्थानिक सरकारने वाढवलेले दिवस धरून बीजिंग आणि शांघायमध्ये १५८ आणि ग्वांगडोंगमध्ये १७८.

आखातात आणि सिंगापूरला नोकरीला जाणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात म्हणून त्यांच्यासाठी. संयुक्त अरब अमिरातीत खाजगी नोकरीत ६० दिवस, त्यात ४५ पूर्ण पगाराचे आणि १५ अर्ध्या, मालकाच्या खिशातून. दोन महिन्यांत परत कामावर. सौदीत २०२५ पासून १२ आठवडे पूर्ण पगारी झालेत. सिंगापूरची गोष्ट वेगळीच, तिथे तुमच्या नाही तर बाळाच्या नागरिकत्वावर रजा ठरते, बाळ सिंगापूरचं नागरिक असेल तर १६ आठवडे पगारी आणि नसेल तर १२, त्यातले साधारण ८ पगारी. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या दोघी, तेच काम, तोच पगार, पण एकीचं बाळ नागरिक आणि एकीचं नाही म्हणून पगार दुप्पट आठवडे चालू. मला हे पटत नाही, टाके दोघींना सारखेच पडतात.

फिलिपिन्सला मात्र मी इथे जागा देणारच, कारण श्रीमंत देशांच्या यादीत नसून २०१९ मध्ये त्यांनी १०५ दिवस पूर्ण पगाराने केले, एकटी आई असेल तर आणखी १५, आणि मूल गेलं, गर्भपात झाला तर ६० दिवस. भारताच्या ६ आठवड्यांपेक्षा जास्त. मूल गमावलेल्या बाईची रजा हा विषय बहुतेक कायद्यांत एका ओळीत उरकलेला असतो. जर्मनीने जून २०२५ पासून १३ व्या आठवड्यापासूनच्या गर्भपाताला टप्प्याटप्प्याने संरक्षण दिलं, त्याआधी २४ व्या आठवड्याच्या आत मूल गेलं तर आजारपणाची रजा मागत फिरायचं.

देश किंवा राज्य बदलून काम करणाऱ्यांनी एवढं नक्की करा. कंपनीचं मुख्य ऑफिस कुठे आहे याला साधारणपणे महत्त्व नसतं, तुम्ही काम कुठे करता आणि तुमचं योगदान कुठल्या फंडात कापलं जातं यावर हक्क ठरतो. घरून काम करत असाल तर पेस्लिपवर कुठलं राज्य किंवा देश लिहिलाय ते बघा. डेप्युटेशनवर जाताना योगदान कुठे सुरू राहणार हे लेखी घ्या, कारण जुन्या देशातलं थांबलं आणि नव्याची अट अजून पूर्ण झाली नाही अशा फटीत बायका सापडतात. कंपनी कायद्यापेक्षा जास्त देते असं म्हणाली तर परत आल्यावर किती महिने थांबायची अट आहे, आधी सोडलं तर पैसे परत मागणार का, हे विचारा.

आणि भारतात असाल तर दोन गोष्टी ज्या कायद्यात स्पष्ट आहेत आणि ज्यांच्याबद्दल विचारणारी बाई मला क्वचित भेटते. एक, बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाचा पुरावा दिला की आगाऊ मिळायला हवेत आणि नंतरच्या काळाचे बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत, आणि आधी नोटीस द्यायची राहिली म्हणून हक्क जात नाही. दोन, नोकरी देतानाच हे सगळे लाभ बाईला लेखी आणि ईमेलवर कळवणं मालकावर बंधनकारक आहे, २०१७ पासून. तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून बघा त्यात असं काही लिहिलंय का, नसेल तर एचआरला एक साधा मेल टाका आणि उत्तरही मेलवरच मागा, फोनवर किंवा जेवणाच्या सुट्टीत तोंडी नको.